घरचा टाका आणि घाटाचा उतार

वेल्डिंगचे यंत्र ही एके काळी कारखान्यांची आणि हमरस्त्यावरील मोठ्या वर्कशॉपांची मिरास होती. ते यंत्र जड असे, त्यास थ्री-फेज वीज लागे, आणि ते हाताळणारा माणूस उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे उमेदवारी करून तयार झालेला असे. आज ती स्थिती राहिलेली नाही. एका हाताने उचलता येईल असे इन्व्हर्टर यंत्र काही हजार रुपयांत मिळते, घरच्या साध्या विजेवर चालते आणि घरबसल्या मागविताही येते. शेतावरचे फाटक, गोठ्याचे छप्पर, कडबाकुट्टीचा तुटलेला पाय यांसाठी हे यंत्र शेतकऱ्याच्या अंगणात आले, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु तेच यंत्र आता मोटारीच्या पोटाखाली शिरू लागले आहे. तेथे मात्र स्पष्टपणे चार शब्द बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मोटारीचे चाक ज्या भागांच्या आधाराने चासीला जोडलेले असते आणि रस्त्याचे धक्के जे भाग सोसतात, त्या भागांविषयी हा प्रश्न आहे. लोअर आर्म वाकतो, त्याच्या कडेला केसासारखी चीर पडते, पिकअपचा पाटा मोडतो, मागच्या आखाचा कंस सुटतो. अशा वेळी तो भाग बदलण्याऐवजी त्यावर लोखंडी पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारले जाते आणि ‘आता हा जन्मात मोडणार नाही’ असे प्रशस्तिपत्रही दिले जाते. काही हौशी मंडळी तर एक पाऊल पुढे जातात. काहीही मोडलेले नसताना, आगाऊ खबरदारी म्हणून धडधाकट भागांनाच पट्ट्या डागून ‘बळकटी’ आणतात. हेतू दोघांचाही चांगला आहे, यात शंका नाही. परंतु लोखंड माणसाचा हेतू पाहत नाही, त्यास मिळालेली उष्णता आणि त्यावर पडणारा भार एवढेच ते ओळखते.

असे का घडते, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. तासगावची द्राक्षे किंवा फलटणकडचा भाजीपाला बाजारात वेळेवर पोहोचविणाऱ्या पिकअपवाल्याचा एक दिवस बुडाला, तर त्याचा हप्ता थकतो. नव्या भागाला हजारांनी रुपये मोजावे लागतात, टाक्याचे काम काही शेकड्यांत भागते. बाजारात बनावट सुट्या भागांचाही सुळसुळाट आहे, तेव्हा ‘नवा घेतला तरी तो असली असेल कशावरून?’ हा त्याचा प्रश्न अगदीच वावगा म्हणता येत नाही. आणि रस्त्यांविषयी तर काय बोलावे? पेठ–सांगली रस्त्याची दुर्दशा वर्षानुवर्षे लोकांच्या संतापाचा विषय होऊन राहिली होती. पावसाळा सरला, की सातारा जिल्ह्यातील घाटरस्त्यांच्या कडा कशा दिसतात, हे प्रवाशांस आम्ही सांगावयास नको. खड्डा रस्त्यात पडतो आणि त्याचा दंड मात्र गाडीवाल्याच्या खिशातून वसूल होतो. म्हणून तो स्वस्तातला उपाय शोधतो. त्याला मूर्ख ठरवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही.

शिवाय या भूमीत हातकौशल्याचा वारसा मोठा आहे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघालेला आणि १९६० साली सांगली हे नाव धारण केलेला जिल्हा व मूळ सातारा जिल्हा हे एकाच कुळातले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर घडविले. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात कारखाना काढला, तेथून नांगरांबरोबर पुढे डिझेल इंजिनेही बाहेर पडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही रयत शिक्षण संस्थेच्या उभारणीपूर्वी किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव पायपीट केली होती. लोखंडाला हात घालण्याचे धैर्य येथील माणसास कोणी बाहेरून येऊन शिकविलेले नाही.

याच परंपरेतले अगदी अलीकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या, कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जुळवून, दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडविली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर गाजले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. परंतु त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नाही व आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून उतरवतील, हेही त्यांनी सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो त्या कुटुंबाच्या दारात आलीही. अनेकांनी या घटनेतला गोडवा तेवढा लक्षात ठेवला. आमच्या मते तिच्यातला बोध अधिक मोलाचा आहे. कारागिराच्या बुद्धीस मान मिळाला, परंतु त्याच्या मुलाबाळांनी रस्त्यावर बसावे ते कसोटीला उतरलेल्या गाडीत, हा विवेकही सुटला नाही.

आणखी एक भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. देवराष्ट्र्याची जीप पाहणाऱ्या कोणासही ती हाताने घडविलेली आहे हे दुरून कळत होते, त्यामुळे तो सावध राहू शकत होता. घरच्या टाक्याने ‘बळकट’ केलेली मोटार वरून मात्र कारखान्यातून नुकतीच निघाल्यासारखी चकचकीत दिसते. उद्या ती विकली, तर घेणाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. तिच्या मागून येणाऱ्या एस. टी.तील पन्नास माणसांस पत्ता नसतो. दिसणाऱ्या धोक्यापासून माणूस चार हात दूर राहतो, परंतु रंगाखाली झाकलेल्या धोक्यापुढे त्याची दक्षता काय कामाची?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वेल्डिंगने पोलाद बळकट होते, हा समज अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे पुष्कळदा असत्यापेक्षा घातक ठरते. वेल्डिंगचा टाका वितळतो तेव्हा तेथील पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्याच्या लगतचा पट्टा वितळत नाही, परंतु लालबुंद होतो आणि भोवतालचे थंड लोखंड त्याची उष्णता झपाट्याने शोषून घेते. म्हणजे तापलेले पोलाद पाण्यात बुडवावे, तसाच तो प्रकार होय. ज्या पोलादात कार्बन अधिक, ते असे एकाएकी थंड झाले म्हणजे काचेसारखे ठिसूळ बनते. गाडीचा पाटा नेमका अशाच पोलादाचा असतो. कारखान्यात त्यास कडक करून, पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेले असते. टाका पडताच ते सारे संस्कार त्या जागी पुसले जातात. लगत ठिसूळ पट्टा तयार होतो आणि त्याच्या पलीकडे नरम पट्टा. मोडलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये, ही गोष्ट जुने मिस्त्री पुस्तक न वाचताही जाणतात, ती उगाच नव्हे.

लोअर आर्मची गोष्ट थोडी निराळी आहे. लहान मोटारींत तो बहुधा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या दाबून घडविलेल्या पत्र्याचा असतो, काही गाड्यांत ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचाही असतो. पत्र्याचा आर्म वेल्डिंग घेतो. परंतु तो ‘घेतो’ म्हणजे तो निभावतो, असा अर्थ नव्हे. येथे आड येते ती धातूची थकावट. शाळेतील कोणताही विद्यार्थी हे स्वतः करून पाहू शकेल. जाड तार हाताने ओढून तुटत नाही, पण तीच पुढेमागे वाकवीत राहिली, की थोड्याच वेळात कट्‌कन मोडते. प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता औगुस्त व्योलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आखांवर दीर्घकाळ प्रयोग करून हेच सिद्ध केले. एका वेळी सहज पेलला जाईल असा भार पुन्हा पुन्हा पडत राहिला, तर भक्कम आखही मोडतो. त्यापूर्वी, ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आख मोडून पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली होती.

आपल्याकडील हिशेब करून पाहा. साधारण लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये साडेपाचशेच्या आसपास फेरे घेते. सातारा ते पुणे हे अंतर सुमारे ११० किलोमीटर धरले, तर एका खेपेस साठ हजार फेरे झाले. त्यात प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक ब्रेक हा त्या आर्मला दिलेला एकेक हिसका असतो. एखादी सूक्ष्म चीर वाढावयास याहून अनुकूल परिस्थिती कोणती? आणि वेल्डिंगच्या टाक्याची कड, जेथे नवा धातू जुन्या पत्र्याला भिडतो, ती जागा अशा चिरेस जणू आमंत्रणच असते. तेथे बारीक खाच राहते, तेथेच ताण एकवटतो. मूळ पोलाद कितीही उंची प्रतीचे असो, टाक्याच्या कडेची थकावट सोसण्याची ताकद त्यामुळे वाढत नाही, हे अभियंत्यांनी पुनःपुन्हा पडताळून पाहिले आहे. मग पट्टी जाड लावली तर? पट्टी मोडत नाही, हे खरे. परंतु जो भाग थोडा लवून धक्का जिरवीत होता तो ताठ होतो, आणि तो धक्का पट्टीच्या टोकापाशी किंवा शेजारच्या बोल्टापाशी जाऊन साचतो. दुखणे बरे होत नाही. ते फक्त जागा बदलते.

लहानशा टाक्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचा दाखला जगाच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ नावाचा, तेलकामगारांच्या वस्तीसाठी वापरला जाणारा प्रचंड तरंगता मंच उलटला. मंचावरील २१२ माणसांपैकी १२३ मृत्यू पावली. चौकशीत आढळले, की एक उपकरण बसविण्यासाठी जो आधार डागला होता, त्याच्या अवघ्या सहा मिलिमीटरच्या टाक्यापासून चीर सुरू झाली होती. लाटांच्या माऱ्याने ती वाढत गेली, एक तुळई तुटली आणि मग तिच्या पाठोपाठ बाकीच्याही तुटल्या. तो टाका काही मंचाचा भार वाहणारा नव्हता. तरीही त्याने मंच बुडविला. जेथे कुशल कामगार, अभियंते आणि तपासनीस होते तेथे हे घडले, मग आपल्या अंगणातील कामाविषयी किती सावधगिरी हवी?

घरी काम करताना अडचणींत भरच पडते. लांबलचक बारीक वायरीने वीज आणली, की दाब घटतो आणि टाका वरवर बसतो. दिसावयास सुबक, आत पोकळ. पावसाळ्यात उघड्या पुड्यातील वेल्डिंगच्या काड्या ओल धरतात. त्या ओलीतून निघालेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि काम थंड झाल्यावर काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, आतून तडा देतो. तोवर वरून रंगही लागून गेलेला असतो. आर्मवरील रबरी बुश आणि बॉल-जॉइंटच्या आतील प्लॅस्टिक उष्णतेने निकामी होते. अर्थिंगचा चिमटा भलत्या ठिकाणी लावला, तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यास खड्डे पाडतो. नव्या मोटारींतील नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही अशाने बिघडू शकते. करणाऱ्याच्या जिवासही धोका आहेच. वायू भरलेला शॉक ॲब्सॉर्बर तापल्यास फुटू शकतो, जस्ताचा थर जळून निघणारा धूर ताप आणतो, आणि काही ब्रेक-क्लीनर द्रावणांची वाफ वेल्डिंगच्या ज्वाळेत विषारी वायू बनते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे तर आत्मघातच होय.

यावर कोणी म्हणेल, की शर्यतीच्या मोटारींना अशा पट्ट्या लावतातच ना? लावतात, हे खरे. परंतु कोणत्या दिशेने ताण येतो याची गणना करून, पट्टीचे टोक निमुळते कापून, योग्य काडी आणि योग्य उष्णता वापरून लावतात. प्रत्येक शर्यतीनंतर तो भाग तपासतात आणि ठरावीक मुदतीनंतर टाकून देतात. चालक शिरस्त्राण घालून पोलादी पिंजऱ्यात बसलेला असतो आणि रस्ता इतरांस बंद असतो. पसरणीच्या घाटात समोरून येणाऱ्या शाळेच्या सहलीस यांपैकी कोणते संरक्षण आहे?

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही वाचकांस ठाऊक असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायदा कडक आहे, पण त्याची नजर गाडीच्या पोटाखाली सहसा जात नाही. मालवाहू आणि प्रवासी वाहनांना ठरावीक काळाने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षे चालते आणि तोवर तिच्या खालच्या बाजूकडे सरकारी तपासनीस पाहतही नाही. म्हणजे जेथे घरच्या प्रयोगांस सर्वांत अधिक वाव, तेथेच तपासणी सर्वांत कमी, असा हा विपर्यास आहे.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट मालकांसाठी. आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जो भाग मोडला असता गाडी नुसती गैरसोयीची होते, तो खुशाल जोडावा. सायलेन्सर, मडगार्ड, टपावरचा सामानाचा सांगाडा या सदरात येतात. परंतु जो भाग मोडला असता गाडी हातातून जाते, तो जोडू नये, बदलावा. लोअर आर्म, पाटे, आख, स्टिअरिंगचे दांडे, त्यांचे कंस हे सारे या दुसऱ्या वर्गातले. बदलणे आजच परवडत नसेल, तर गाडी दोन दिवस उभी ठेवावी. ती हानी भरून निघते.

दुसरी गोष्ट संस्थांसाठी. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दर वर्षी वेल्डर बाहेर पडतात. या संस्थांनी महिन्यातून एक दिवस गॅरेजवाल्यांसाठी आणि वाहनमालकांसाठी राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. लाल द्रव लावून पुसावा, वर पांढरी पूड फवारावी, की डोळ्यांस न दिसणारी चीर लाल रेघेसारखी उमटते. इतकी ही परीक्षा सोपी आणि स्वल्प खर्चाची आहे. अनुभवी मिस्त्रीने स्वतःच मारलेल्या टाक्याखाली ती रेघ एकदा पाहिली, की त्यास आमच्या दहा अग्रलेखांची गरज उरणार नाही.

तिसरी गोष्ट शासनासाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पाटे मोडतात ते खड्ड्यांनी आणि जादा भाराने. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, डोंगराएवढा ऊस लादलेले ट्रॅक्टर दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवरून सर्रास धावतात. एक पाटा वाढवून आणि चार टाके मारून तो भार कायदेशीर होत नाही, की सुरक्षितही होत नाही. जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार, असा दंड कायद्यात आहे. तो कारखान्याच्या वजनकाट्याजवळ का दिसू नये? प्रत्येक खेपेचे वजन तेथे नोंदले जातेच. पुरावा दारात असताना तो न पाहण्याचे कारण आम्हांस समजत नाही. त्याचप्रमाणे परिवहन खात्याने खासगी मोटारींसाठीही पाच वर्षांतून एकदा तरी चाकांच्या आधाराची तपासणी सुरू करावी. आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने खड्डे वेळेवर बुजवावेत. खड्डा रस्त्यात ठेवून टाका मारणाऱ्या मिस्त्रीस पकडणे, म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा न्याय होईल.

या सर्व प्रतिपादनातून येथील कारागिरांच्या कौशल्याचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्यांच्याकडून आमची अपेक्षा मोठी आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी परदेशी नांगराला तोडीस तोड नांगर येथल्या भट्टीत ओतला, त्यांनी आपल्या हातचे काम कसोटीवर घासून पाहण्यास कचरू नये. चांगल्या वेल्डरची ओळख तो काय जोडू शकतो यावरून पटते, तशीच तो कशाला हात लावण्यास नकार देतो यावरूनही पटते. ‘हा भाग मी जोडणार नाही, नवा आणा’ असे गिऱ्हाइकास तोंडावर सांगणाऱ्या मिस्त्रीचे त्या दिवशीचे चार पैसे बुडत असतील. परंतु खंबाटकीचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरून सुखरूप घरी पोहोचलेल्या कुटुंबाने त्याची आठवण ठेवली पाहिजे, आणि पुढच्या कामासाठी त्याच्याच दारात गेले पाहिजे.